तबकडी फिरली पाहिजे

घरातला जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे, आणि घराघरांत तो किरकोळीतच निकालात निघतो. वडीलधारे जातात, घराची वाटणी होते किंवा घर रंगवायला निघते, माळ्यावरची पेटी खाली येते. कोणीतरी झाकण उघडून आतली धूळ फुंकतो, "चालतो का हा?" असे विचारतो आणि चालत नाही असे कळले की पेटी एक तर भंगारात जाते, नाही तर दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात. या दोन्ही निकालांविरुद्ध आम्हांला बोलायचे आहे. भंगारात देणारा निदान उघडपणे टाकून देतो. कपाटात ठेवणारा टाकूनही देतो आणि वर वाडवडिलांची आठवण जपल्याचे श्रेयही पदरात पाडून घेतो.

आमचे म्हणणे सरळ आहे. ज्या घरात प्लेअरसोबत रेकॉर्डीही शिल्लक आहेत, त्या घराने तो दुरुस्त करावा आणि वाजवण्यासाठीच दुरुस्त करावा. घरात वाजवणारे कोणीच उरले नसेल, तर प्लेअर आणि रेकॉर्डी दोन्ही मिळून अशा माणसाच्या हाती द्यावेत, जो त्या वाजवील. याहून वेगळी तिसरी वाट आम्हांला मान्य नाही.

हे आम्ही मिरजेतून लिहीत आहोत. हे गाव तंतुवाद्यांचे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात सतार-तंबोरे घडवायला घेतले आणि पुढे 'सतारमेकर' हेच त्यांचे आडनाव झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या गल्लीत पन्नास वर्षांचा तंबोरा दुरुस्तीला येतो तेव्हा कारागीर त्याला 'अँटिक' म्हणत नाही. भोपळा तडकला असेल तर सांधतो. तारांनी झिजून घोडीवर खाचा पडलेल्या असतात. तो घोडी पुन्हा घासतो, जवारी लावतो, तारेखालचा दोरा सरकवत बसतो आणि तंबोरा बोलू लागला की मगच मान हलवतो. दुरुस्तीला किती आणि नव्याला किती, हा हिशेब गिऱ्हाईक मांडतेच. पण वाद्य बोलले पाहिजे, हे त्या हिशेबाआधी ठरलेले असते. मग रेकॉर्ड प्लेअरच्या बाबतीत हे शहाणपण आपण कुठे गहाण टाकले?

आमच्याही घरात हा वाद झाला. आजोबांनी घेतलेला, तीन वेगांचा, झाकणात भोंगा बसवलेला पेटीप्लेअर. आणि पत्र्याच्या दोन पेट्यांत दादीने जपलेल्या शंभरावर रेकॉर्डी. मिस्त्रीने दुरुस्तीचे साडेसहा हजार सांगितले. जुन्या वस्तू घेणाऱ्या एका व्यापाऱ्याने प्लेअरचे अडीच हजार देऊ केले आणि रेकॉर्डी "सोबत आल्या तर घेईन" असे म्हणाला. आमच्यापैकी थोरल्या भावाने सरळ वजाबाकी केली. धाकट्याला ती पेटी पुण्याच्या फ्लॅटमध्ये शोभेला हवी होती. वाटणीच्या यादीत भांडी होती, पलंग होते, शिवणयंत्र होते. प्लेअर कुठेच नव्हता. बहिणीने विचारले, "दादीचा आवडता बाजा कुणाच्या वाट्याला?" तेव्हा कुठे तो वस्तू म्हणून मोजला गेला. असे घर एकट्या आमचेच असेल, असे आम्हांला वाटत नाही. म्हणून त्या वादातले एकेक म्हणणे येथे मांडून त्याला उत्तर देतो.

पहिले म्हणणे पैशाचे. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीहून जास्त आहे, म्हणून दुरुस्ती हा वेडेपणा. हा हिशेब मांडणारे एक गोष्ट विसरतात. बाजारात त्या पेटीची किंमत कमी आहे, कारण बाजाराला ती फक्त लाकूड आणि पत्रा म्हणून हवी आहे. आज हॉटेलांत आणि बंगल्यांत जे चकचकीत पितळी कर्ण्याचे 'पुरातन' ग्रामोफोन दिसतात, त्यांतले कितीतरी मोडक्या यंत्रांच्या मोटारींवर नवा कर्णा चढवून अलीकडे जुळवलेले असतात. ते दिसायला झोकदार आणि ऐकायला भयंकर. ज्या बाजारात खोटे जास्त किमतीला जाते, त्या बाजाराच्या काट्यावर आपल्या घरातले खरे तोलायचे कशाला? आणि ज्या मंडळींना साडेसहा हजार जड वाटतात, त्यांच्याच घरात दर दोन-तीन वर्षांनी नवा मोबाईल येतो, हेही आम्ही पाहतो.

दुसरे म्हणणे तरुण मुलांचे. "सगळे नेटवर आहे. मग हा खटाटोप कशाला?" सगळे नेटवर नाही, आणि जे आहे ते आभाळातून पडलेले नाही. कोणाच्या तरी घरात एक तबकडी शिल्लक होती, कोणीतरी ती चालत्या यंत्रावर ठेवली, सुई टेकवली आणि त्यातून निघालेला आवाज संगणकात भरला. जुन्या तबकडीवरून उतरवलेल्या अशा प्रत्येक गाण्यामागे एक दुरुस्त प्लेअर आहे. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' उभी राहिली. अशा छंदिष्टांनी घरोघरच्या तबकड्या वेळीच वाचवल्या नसत्या, तर आज ऐकायला मिळणारे कितीतरी गाणे कायमचे गेले असते.

शिवाय नेटवरचे पुष्कळसे गाणे चुकीच्या वेगाने उतरवलेले असते. ७८ फेऱ्यांची तबकडी थकलेल्या यंत्रावर साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी फिरली, की काळी एकमधले गाणे पांढरी एकमध्ये उतरते. ऐकणारा म्हणतो, काय भारदस्त आवाज! तो आवाज गवयाचा नसतो, कडक झालेल्या रबराचा असतो. मिरजेसारख्या गावाने तरी एवढा सूर चुकू देऊ नये.

तिसरे म्हणणे श्रद्धेचे, आणि त्याला आम्ही अदबीने उत्तर देतो. "घरात गाणे-बजावणे नको, म्हणून ती पेटीच नको." संगीताविषयी उलेमांचे एकमत नाही, हे जाणकारांना ठाऊक आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. चिश्ती परंपरेने समाअ जवळ केला, इतरांनी दूर ठेवला. आम्ही फतवा देणारे नव्हे. ज्याला ऐकायचे नाही, त्याने ऐकू नये. त्याचा आम्हांला आदर आहे. पण ज्या घरात दिवसभर टीव्ही चालतो, मोबाईल सिनेमाच्या चालीवर वाजतो, लग्नात रस्ता हादरवणारा डीजे लागतो, त्या घराला फक्त दादीच्या रेकॉर्डींपुरता दीन आठवावा, हे आम्हांला पटत नाही. तिथे कारण दीनाचे नसते. आपले वडील काय ऐकत होते, हे शेजारच्यांना कळू नये, अशी एक नवी लाज असते. आणि खरोखरच ऐकायचे नसेल, तर फोडण्यापेक्षा ऐकणाऱ्याला देणे केव्हाही बरे. दुसऱ्याच्या कामाची वस्तू नष्ट करणे, हे कोणत्या पुण्यात बसते?

चौथे म्हणणे सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत फसवे. "आहे तसाच राहू दे. दादीचा हात लागलेला आहे. मिस्त्रीने उघडला, की तो तिचा राहणार नाही." अहो, दादीचा हात लागला तो वाजवण्यासाठी! रेकॉर्डीवर फडके फिरवायला, सुई बदलायला, हळूच दांडी टेकवायला. तिच्या हयातीत बिघाड झाला असता, तर तिनेच पदराच्या गाठीचे पैसे सोडून मिस्त्रीला बोलावले असते. वस्तूवरची धूळ जपायची आणि वस्तूचे काम बंद ठेवायचे, याला आम्ही आठवण म्हणत नाही.

आता या सगळ्याच्या तळाशी असलेली गोष्ट सांगतो. आम्ही दुरुस्तीचा आग्रह धरतो तो यंत्राच्या प्रेमापोटी नव्हे. त्या दोन पत्र्याच्या पेट्यांत काय आहे, त्यासाठी.

दादीच्या पेटीत कव्वाली आहे, नात आहे, हे कोणीही ओळखील. त्याच पेटीत हिराबाई बडोदेकरांची नाट्यपदे आहेत, बालगंधर्व आहेत, आणि 'गीतरामायणा'च्याही रेकॉर्डी आहेत. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले तेव्हा शेजारच्या घरी जाऊन ते ऐकल्याचे दादी सांगत असे. प्रत्येक कागदी पाकिटावर तिने शिसपेन्सिलीने लिहिले आहे: कोणी आणली, कोणत्या ईदला, कोणाच्या लग्नात. हे लिहिणे मराठीत आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आम्ही व्यासपीठांवरून सांगत आलो, की मराठी ही आमची भाषा आहे. जे ऐकायला तयार नाहीत, त्यांच्यात बाहेरचे आहेत तसे आपलेही आहेत. बाहेरचा म्हणतो, तुम्ही मराठी कसले? आपला म्हणतो, तुला मराठी कशाला? दादीने कोणालाच उत्तर दिले नाही. तिने फक्त रेकॉर्डी घेतल्या आणि लावल्या. आम्हांला तिची पेटी हा आमच्या भाषणांहून मोठा पुरावा वाटतो, कारण तो कोणाला पटवण्यासाठी जमवलेला नाही.

आणि त्या तबकड्यांच्या आतला पुरावा तर त्याहून पक्का आहे. भारतातल्या ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ मध्ये कलकत्त्यात झाला आणि त्या पहिल्या मोठ्या कलावंतांत गौहरजान होत्या. तबकडीच्या शेवटी त्या आपले नाव स्वतः सांगत. किराण्याहून आलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात त्यांचा इंतकाल झाला आणि त्यांना येथे आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. उरुसाच्या वेळी त्यांच्या स्मरणार्थ आजही गवई हजेरी लावतात. या खाँसाहेबांनी मराठी नाट्यपदेही ध्वनिमुद्रित करून ठेवली आहेत. हिराबाई आणि सुरेशबाबू माने ही त्यांचीच मुले. दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी लहानपणी ऐकून भीमसेन जोशींना गाण्याचा ध्यास लागला, ही हकीकत तर सर्वश्रुत आहे. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावते. तेवढ्या गाण्याने एक मूल घर सोडते आणि पुढे २००८ मध्ये भारतरत्न होते. ही ताकद कपाटातल्या मुक्या पेटीची नव्हे, फिरणाऱ्या तबकडीची आहे.

बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी घ्या. तिथे तबल्याला अहमदजान थिरकवा होते, सारंगीला कादरबक्ष होते. त्या काळच्या तबकड्यांच्या लेबलवर साथीदारांची नावे बहुधा छापत नसत. लेबल वाचून साथीदार कळत नाहीत. कळले तर ऐकूनच कळतात. कपाटात ठेवलेली तबकडी म्हणजे फक्त लेबल.

उलट बाजूही पाहा. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँ कोल्हापुरात राहिले, १९४६ मध्ये गेले, आणि त्यांच्या आवाजाची तबकडी नाही. तो गळा आज फक्त शिष्यांच्या गाण्यातून कल्पायचा. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकरांचे गाणे १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेले. तेही कोणीतरी आधी ध्वनिमुद्रित करून ठेवले होते म्हणूनच. जिथे तबकडीच निघाली नाही, तिथे आपण हळहळतो. जिथे निघाली आणि घरात आहे, तिथे ती रद्दीच्या भावाने विकतो, किंवा कोणी तिला तापवून वाडगा करतो, मध्ये भोक आहेच म्हणून घड्याळ करतो. हळहळण्याचा हक्क मग कोणत्या तोंडाने सांगायचा?

दुरुस्ती म्हणजे काय, हेही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण या नावाखाली वस्तूची वाट लावणारेही आहेत. अशा प्लेअरमध्ये बहुधा चार-पाच गोष्टीच गेलेल्या असतात. मोटारीकडून तबकडीला फिरवणारे रबरी चाक कडक होते किंवा एका जागी चपटे होते. मग वेग मंदावतो आणि गाण्याखाली धडधड ऐकू येते. जुने ग्रीस घट्ट होऊन मेणासारखे बसते. ध्वनिवर्धकातले कपॅसिटर सुकतात आणि गुणगुण सुरू होते. जुन्या क्रिस्टल पिकअपमधला स्फटिक दमट हवेत विरघळून निकामी होतो. कोकणातल्या घरांत हे फार. त्याजागी सिरॅमिक पिकअप बसते. आणि सुई. लाखेच्या ७८ च्या रेकॉर्डीची खाच रुंद, एलपीची बारीक. दोन्हींची सुई वेगळी, म्हणून पुष्कळ प्लेअरमध्ये ती उलटता येते. चुकीच्या किंवा झिजलेल्या सुईने वाजवलेली रेकॉर्ड त्या एका वाजवण्यातच थोडी मरते. म्हणून आम्ही हौसेने "चालतो का बघू" म्हणून जुन्या सुईखाली दादीची रेकॉर्ड ठेवण्याच्या विरुद्ध आहोत.

वेग बरोबर आहे की नाही, हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. ७७ रेघांची कागदी चकती ७८ च्या वेगाने फिरवून आपल्या ५० हर्ट्झ विजेवरच्या जुन्या बल्बखाली किंवा ट्यूबलाइटखाली पाहिली, तर रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. ३३ च्या वेगाला १८० रेघा. एवढे मिस्त्रीकडून करून घ्यावे. बाकी पेटीला नवे पॉलिश नको, कापड बदलणे नको, आणि आतले सगळे काढून त्याजागी ब्लूटूथ बसवणे तर मुळीच नको. आतडी काढून पेंढा भरलेल्या वाघाला कोणी जिवंत म्हणत नाही.

मिस्त्री हाही या प्रश्नाचा भाग आहे. ज्यांना ही यंत्रे बोटांनी कळतात, असे कारागीर आता थोडे आणि थकलेले आहेत. तुम्ही दुरुस्ती पुढे ढकलता तेव्हा पेटी वाट पाहू शकते, मिस्त्री नाही. त्याच्या शेजारी घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी बसवा. साडेसहा हजारांत हे शिक्षणही येते.

दुरुस्त झालेल्या प्लेअरवरून रेकॉर्डी संगणकात उतरवाव्यात, यालाही आमचा विरोध नाही. उलट तसे कराच. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळची मुद्रणे कधीच मोकळी झाली आहेत. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते पाहून घ्यावेत. पण उतरवताना पाकिटावरचे दादीचे अक्षरही उतरवा. व्यापारी रेकॉर्डी नेतो तेव्हा पाकिटे पहिल्यांदा फेकली जातात, आणि कोणत्या ईदला कोणी काय आणले, हे जगातल्या कोणत्याही संग्रहात पुन्हा सापडत नाही.

आमच्या घरापुरता निर्णय झाला आहे. साडेसहा हजार आम्ही भावंडांनी समान वाटून द्यायचे. प्लेअर बहिणीकडे जाईल, कारण रेकॉर्डी लावून ऐकण्याची भाषा आमच्यांत तिनेच केली. थोरल्याला तो व्यवहार तोट्याचा वाटतो, वाटो. धाकट्याच्या फ्लॅटमध्ये शोभेला दुसरे काहीतरी येईल. रेकॉर्डींची यादी करायची, आणि बहिणीच्या मुलांनीही पुढे वाजवणे सोडले तर दोन्ही मिळून वाजवणाऱ्या माणसाकडे जावेत, हेही त्याच कागदावर लिहून ठेवायचे.

वाचकहो, तुमच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर या सुट्टीत ती खाली काढा. आधी रेकॉर्डी मोजा, पाकिटांवरचे अक्षर वाचा. ते अक्षर कोणाचे आहे, हे सांगू शकणारे माणूस अजून घरात असेल, तर मिस्त्रीकडे जायला उशीर करू नका.